हातोड्याआधीचा अर्धा तास

४ एप्रिल
कामाचा पहिला दिवस. काम काय, तर समुद्राकडे बघत बसणे! पवनचक्कीचा खांब समुद्राच्या तळात ठोकण्याआधी मी अर्धा तास दुर्बीण घेऊन जहाजाच्या वरच्या डेकवर उभं राहायचं. अर्ध्या किलोमीटरच्या आत डॉल्फिन दिसला नाही, तरच हातोडा सुरू. दिसला, तर माझ्या एका शब्दावर सगळं ठप्प. घरी मांजरसुद्धा माझं ऐकत नाही.

५ एप्रिल
डॉल्फिन म्हणे कानांनी 'बघतात'. मग हे ठोके त्यांना कसे वाटत असतील? आपल्या डोळ्यांवर कुणी भसकन बॅटरी मारावी तसे? हातोडा चालवणाऱ्या काकांना विचारलं. "मला काय विचारतेस? अठ्ठावीस वर्षं ठोकतोय, मला आता धड ऐकूही येत नाही."

खांबाभोवती पाण्यात बुडबुड्यांचा पडदा सोडतात, त्याने आवाज बराच अडतो. नुसत्या हवेने अडतो— हे काही केल्या डोक्यात शिरेना. उद्या पुन्हा विचारणार.

८ एप्रिल
तीन दिवस वारा. काम बंद. पत्ते. हरले.

९ एप्रिल
सत्ताविसाव्या मिनिटाला दिसला! काळी पाठ, तिला चिकटून एक छोटी पाठ. मी काम थांबवलं. जहाजावरच्या साहेबांनी दुर्बीण घेतली, पाहिलं आणि म्हणाले, "लाट आहे ती. सुरुवातीला होतं असं." तोवर खरंच काही नव्हतं. दुसऱ्या कुणाला दिसलं का, विचारलं. कुणीच नाही. काका हातमोजे चढवत होते.

पुन्हा अर्धा तास मोजला, मग ठोकाठोकी. जेवताना माझं बारसं झालं— लाटबाई. मीही हसले. राग आला होता खरं तर, आणि साहेबांचा नाही, माझ्याच डोळ्यांचा.

११ एप्रिल
एकोणतिसाव्या मिनिटाला पुन्हा काहीतरी काळं हललं. लाटच असणार. "मोकळं आहे," म्हटलं.

पहिले ठोके हळू मारतात, जवळ कुणी असेल तर त्याला लांब जाता यावं म्हणून. पिल्लाला तेवढा वेळ पुरतो का? कामाबद्दल दिलेले सगळे कागद चाळले, उत्तर कुठेच सापडलं नाही. नोंदवहीत 'काही दिसले नाही' लिहून सही केली.

१३ एप्रिल
काका आज सुट्टीवर गेले. बॅग खांद्याला अडकवून मुद्दाम वर डेकवर आले. म्हणाले, "पोरी, नऊ तारखेला लाट नव्हती. मलाही दिसले होते, दोन."