तुझ्या हाताच्या पेशी

आई, तुझ्या डाव्या हाताच्या कातडीतल्या पेशी अजून जिवंत आहेत. हे तुला कसं सांगावं, ते मला कळत नाही. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत त्या चपट्या बाटल्यांमध्ये वाढतात. इतकी वर्षं गोठवून ठेवल्या होत्या. त्यांच्यावर नवं काम करायचं म्हणून घरच्यांची संमती हवी होती, आणि ती द्यायला तुझी लेक म्हणून मीच होते.

तो हात मला धुळ्याच्या स्वयंपाकघरात दिसतो. अखजीचा, अक्षय्य तृतीयेचा दिवस, चुलीवर पालथं खापर, आणि तू पुरणाचा मांडा दोन्ही हातांवर झुलवत कोपरापर्यंत वाढवतेस. त्या वर्षी तो तुझ्या हातून घसरून राखेत पडतो. "डोया कोठे शेतस तुना?" म्हणून मावशी तुझ्या डोळ्यांना हसते, तूही हसतेस. पुढे चालताना तू भिंत धरू लागलीस, मग पेला दोन्ही हातांनी. मुंबईच्या डॉक्टरांनी हाताच्या कातडीचा कण काढला, तेव्हा तू मला पुढे केलंस. जळगावच्या कॉन्व्हेंटात उगाच घातलं नव्हतं! मी इंग्रजीत विचारलं. ते म्हणाले, हा उपचार नाही, फक्त संशोधन आहे. मी तुला तसंच सांगितलं. तू पट्टीवरून बोट फिरवत म्हणालीस, "तुले इंग्रजी समजस, माले मनं आंग समजस. वाईट व्हतं तेवढं निंघी गयं." वॉर्डातल्या सगळ्यांना तू ते आनंदानं सांगत होतीस. नंतर तुझी जीभही जड झाली.

प्रयोगशाळेतल्या मुलीनं मला सूक्ष्मदर्शकातून आधी एक बाटली दाखवली, मग दुसरी. दोन्हींत तूच. लांबट, फिकट, एकमेकींना टेकलेल्या पेशी. एकीत तुझ्या आजाराचं मूळ, ती जनुकातली चूक, तशीच ठेवलेली. दुसरीत तेवढीच चूक कापून दुरुस्त केलेली.

"म्हणजे ही बरी झाली?" मी विचारलं.

"पेशी दुरुस्त झाल्या, काकू. दोन्ही शेजारी ठेवल्या की त्या एका चुकीनं काय काय बिघडतं ते कळतं. माणसासाठी औषध अजून लांब आहे." मग ती घड्याळ बघून म्हणाली, "थांबा हं, यांना खायला घालते," आणि बाटलीतलं गुलाबी पाणी बदललं. किती हलक्या हातानं! तुला शेवटी पेज भरवताना माझ्याकडून निम्मी सांडायची.

हे सगळं मी मावशीला सांगितलं. यंदा अखजीला तुझ्या नावाची घागर भरायला बसले, तर ती खाटेवरून म्हणते, "का वं पोरी, तुनी माय ते बाटलीमा जित्ती शे म्हनस, मंग हाई घागर कोनाकरता भरस?" मला हसू आलं. आणि भरावी की नाही, हे खरंच कळेना. मेलेल्या माणसासाठी भरतात ती. शेवटी भरली, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं. तेवढ्यात माझाच हात असा हलला की डांगर गडगडत खाटेखाली गेलं. मावशी हसली नाही. तिनं वाकून ते उचललं, पदरानं पुसलं आणि स्वतः घागरीवर ठेवलं.

होय, आई. माझं रक्त तपासलं, तीच चूक माझ्यातही आहे. बाटलीतली तू दुरुस्त झालीस, मी तशीच आहे. माझी लेक विचारते, मीही तपासून घेऊ का? मी तिला आज नाही उद्या म्हणत राहते.

हे पत्र घागरीजवळ ठेवणार होते. पण मावशीला चष्म्याशिवायही वाचता येतं, म्हणून ते माझ्याच पिशवीत राहील. एक मात्र तुला सांगायचंय. त्या दिवशी प्रयोगशाळेत त्यांनी माझ्याही हाताची कातडी मागितली. मी दिली. कशासाठी ते मला नीट ठाऊक होतं, कागद इंग्रजीतच होता. तरी ती मुलगी पट्टी लावत असताना माझ्या तोंडून निघून गेलं, "वाईट होतं तेवढं निघालं ना?"