तीन पायऱ्या खाली

सोमवार, ३ तारीख

आलो एकदाचे राहायला. आई, मी, अकरा खोकी आणि आईची आरामखुर्ची. ती टेम्पोत सगळ्यात शेवटी चढली आणि मान मात्र पहिल्यांदा उतरण्याचा मिळवला. घर पाहावं बांधून म्हणतात. मी तर दुसऱ्यांची घरं आखण्यात सहा वर्षं घालवली, पण हे माझं स्वतःचं पहिलं. आमच्या ऑफिसची पद्धत अशी की ज्यानं घर आखलं त्यानं आधी तीन आठवडे त्यात राहायचं, मग ते नमुना म्हणून गिऱ्हाइकांना दाखवायचं. पंचवीस तारखेला ऑफिसचे सर त्यांना घेऊन येतील.

घर अगदी मनासारखं झालंय. भिंतींना बाहेरून काही आणलं नाही. प्लॉटच्या मधोमध खणलं, निघालेली माती कुटून भिंती उभ्या केल्या आणि उरलेल्या खड्ड्याची मधली खोली केली. तीन पायऱ्या खाली, फरशी नाही, नुसती दाबलेली माती, वर काचेचं छप्पर. जोतंही घातलं नाही. जमिनीशी नातं जोडायचं म्हणायचं आणि मध्ये दगडाचा थर घालायचा, म्हणजे हातमोजे घालून हात धरण्यासारखं आहे.

आई त्या खोलीला खड्डा म्हणते. मी मधली खोली म्हणते. दोघीही हट्टी, त्यामुळे हा वाद मिटणार नाही.

बुधवार, ५ तारीख

आज आई पहिल्यांदा खाली उतरली. माझा खांदा धरून, एकेका पायरीवर थांबून, आणि गुडघेदुखीच्या आईसाठी घरात पायऱ्या घालणाऱ्या उंटावरच्या शहाणीचा उद्धार करत. आरामखुर्ची खाली नेऊन दिली. चपला काढून, मातीवर पाय टेकवून ती तासभर बसली आणि वर आली ती खांदा न धरता. सात वर्षांचं दुखणं. डॉक्टर झाले, तेलं झाली, पट्टे झाले. माझ्या चेहऱ्यावर दिसलं असावं, कारण एवढं फुगून जायला नको असं तिनं सुनावलं.

गवंडीकाका दाराची कडी बसवायला आले होते. हे घर त्यांनीच बांधलं, पण खड्ड्यावरून आमची जुंपली होती. जिथली माती काढली तिथे बाहेरची माती आणून भरायची आणि मगच छप्पर चढवायचं, हा त्यांचा बापजाद्यांचा नियम. उघड्या खड्ड्यावर छप्पर घातलं की तो आपला भरणा आपणच शोधतो, असं ते म्हणाले होते. खड्ड्याला पोट असतं का, असं मी विचारलं होतं. ते हसले नव्हते. आजही ते मधल्या खोलीत उतरले नाहीत, वरच्या पायरीवरूनच आईशी बोलले.

सोमवार, १० तारीख

सवयीनं पायऱ्या मोजल्या. तिन्ही अठरा सेंटिमीटरच्या होत्या, मीच काढलेल्या. खालची आज बारा भरली. दमटपणानं माती फुगली असेल म्हणून सोडून दिलं. मग खिडकीपाशी भिंतीची जाडी घेतली. पंचेचाळीस हवी, त्रेचाळीस आली. टेप बदलून पुन्हा घेतली, तरी त्रेचाळीसच. दोन सेंटिमीटर भिंत झडली तर केर पडायला हवा. खाली बोटभर धूळसुद्धा नाही.

आई आता जेवणही खालीच घेते. मला वर-खाली करताना पाहून तुझेच गुडघे तपासून घे म्हणाली. किती दिवसांनी ती अशी थट्टा करतेय.

गुरुवार, १३ तारीख

खालची पायरी गेली. मोडली नाही, मातीखाली गेली. दोनच उरल्या.

गवंडीकाकांना बोलावलं. ते बराच वेळ भिंतीवर तळवा ठेवून उभे राहिले. उद्या चार गाड्या माती आणतो आणि संध्याकाळपर्यंत खड्डा भरून देतो, म्हणाले. मी नाही म्हटलं. पंचवीसला सर येणार, त्यांना काय बुजवलेला खड्डा दाखवू? पाहणी झाली की भरू. पंचवीस लांब आहे, एवढंच बोलून ते गेले.

मी बरोबर केलं ना? आईला तिथे बरं वाटतंय. शिवाय मातीची घरं थोडीफार बसतातच.

सोमवार, १७ तारीख

खुर्चीचे पाय चार बोटं मातीत गेलेत. आईची पावलं घोट्यापर्यंत. तिला कळलंही नव्हतं. कोमट पाण्यात पाय सोडून बसल्यासारखं वाटतं, म्हणाली.

मी तिचे पाय ओढून काढले. जोर लावावा लागला. वर आणून तीनदा साबणानं धुतले. तळव्यांवर एकही रेघ नाही, भेगा नाहीत, आणि मातीचा रंग काही जाईना.

दुपारी तिच्या पायांत कळा सुरू झाल्या. माझी आई कधी रडत नाही. आज उशी तोंडात धरून रडली. गोळी दिली, शेकलं. दवाखान्यात न्यायला गाडी बोलावली, तर तिला दारापर्यंतसुद्धा जाववेना. शेवटी तिनं हात जोडले. मला, स्वतःच्या लेकीला. मला ते बघवेना.

मीच तिला धरून खाली नेलं. पाय टेकले तशी ती शांत झाली.

बुधवार, १९ तारीख

एकच पायरी. भिंत अडतीस.

सरांना फोन केला. पंचवीसला सोबत इंजिनियर आणतो म्हणाले. मी ओरडले बहुतेक. त्यांनी फोन ठेवला.

आई पोटऱ्यांपर्यंत.

गुरुवार, २० तारीख

गवंडीकाका सकाळीच आले. आज खाली उतरले. दोघांनी मिळून तिच्या पायांभोवती उकरायला घेतलं. फावड्यानं नाही, हातांनी. जेवढं काढावं तेवढं परत भरलेलं. आणि दर वेळी मागे भिंत करकरायची.

एकदा घोट्यापर्यंत पोचलो. काकांनी हात मागे घेतला. मीही पाहिलं. टाच कुठे संपते आणि माती कुठे सुरू होते ते कळत नव्हतं. बोटांनी चाचपलं तरी कळत नव्हतं.

आई विचारत होती, झालं का ग. मी म्हटलं, होत आलंय.

काका म्हणाले, आता बाहेरची माती टाकली तर खड्डा तिच्यासकट भरेल. तेव्हाच भरायला हवं होतं, असं ते म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर बरं झालं असतं. उद्या माणसं घेऊन येतो, आधी भिंतींना टेकू देऊ, म्हणाले.

मी खालीच बसलेय तिच्याजवळ. उकिडवी, पायात बूट घालून.

शुक्रवार, २१ तारीख, सकाळ

पायऱ्या नाहीत. खोली सपाट.

आई कमरेपर्यंत. खुर्ची दिसत नाही.

दुखत नाही म्हणते. सारखं तेच सांगते, तुझ्यामुळे काही झालं नाही बाळा, मला बरंच वाटलं इथे. मी माफी मागितली. तिनं डोक्यावरून हात फिरवला. हात गार. मातीसारखा—

दाराची चौकट दबली. दार उघडत नाही. खिडकी उघडी आहे. भिंत आता वीतभर, भेगांतून बाहेरचा उजेड दिसतो.

शुक्रवार, दुपार

काकांचा आवाज आला. बाहेर. खिडकीतून उडी मार म्हणतायत. छप्पर—

आई छातीपर्यंत. बोलते अजून. जा म्हणते. शहाण्यासारखं ऐक, जा.

एका हातानं लिहितेय. दुसरा तिच्या हातात आहे.

तू जा बाळा, म्हणते. पुन्हा पुन्हा म्हणते. तोंडानं जा म्हणते आणि हात—

आई, अगं हात सो