पाठ केलेली ओळ

आये, डोळ्यांत औषधाचे थेंब घालून घरी आलोय. जवळचं काही धड दिसत नाही, म्हणून नातीची दुरेघी वही घेतली आहे आणि अक्षर बोटभर मोठं काढतोय. पडवीत आलेलं ऊन डोळ्यांत खुपतं, तेव्हा त्याच्याकडे पाठ करून बसलोय. तू गेलीस त्याला वीस वर्षं होत आली. इतक्या वर्षांत तुला दोन ओळी लिहाव्यात असं कधी वाटलं नाही, आणि आज धड लिहिता येत नाही तेव्हा बसलोय. तू असतीस तर म्हणाली असतीस, "तुजं सगलं असंच रे."

मला साखर आहे. वाटणीत तुझ्याकडून जमीन थोडी आली, साखर मात्र पुरी आली. दहा-बारा वर्षं झाली. गोळ्या घेतो, म्हणजे आठवण झाली की घेतो. डोळे तपासून घ्या, असं गोळ्या देणारे डॉक्टर दरवेळी सांगायचे. मी म्हणायचो, दिसतंय की. पोलादपूर ते कुडपण मी अजून जीप चालवतो. ज्याला तो घाट दिसतो त्याला आणखी काय दिसायला हवं? खरं म्हणजे वळणं दिसत नव्हती, पाठ होती. गेल्या महिन्यात चढणीला डाव्या अंगाला म्हैस उभी होती. माझ्या लेखी ती नव्हतीच. मागच्या सीटवरची म्हातारी म्हणाली, "अरं म्हस हाय ना म्होरं, दिसत नाय काय?" ब्रेक लागला. गाडीत नऊ माणसं होती. कोणाला काही झालं नाही. मी खाली उतरलो, म्हशीच्या पाठीवर हात ठेवला, तेव्हा कुठे ती नीट दिसली. भीती वाटायला हवी होती, ती वाटली नाही. कुडपणला सगळ्यांना उतरवलं आणि चहा प्यालो, बिनसाखरेचा.

बातमी माझ्याआधी घरी पोचली. तुझ्या सुनेने आज सकाळी चपला पुढ्यात आणून ठेवल्या. महाडच्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई आमच्या मुलीएवढ्या आहेत. दार उघडं होतं, बाहेर बाकावर बसून मला आतले लोक तक्ता वाचताना ऐकू येत होते. माझा नंबर आला तेव्हा एक डोळा झाकून मी खालची ओळ घडाघडा म्हटली. बाईंनी पट्टी मधल्याच एका अक्षरावर ठेवली आणि विचारलं, "काका, हे कुठलं?" मला पट्टी दिसत होती, अक्षर दिसत नव्हतं. "पाठ केलंत ना?" त्या म्हणाल्या. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग थेंब, मग मशीन, मग पडद्यावर माझ्या डोळ्याच्या आतलं चित्र. गळक्या कौलाखाली भिंतीवर ओल उतरते तसे डाग होते. साखरेने आतल्या बारीक नसा झिरपतात, म्हणाल्या, आणि दुखत नाही म्हणून माणूस येत नाही. डोळ्यात इंजेक्शनं घ्यायची, एकही चुकवायचं नाही. साखर आणि बीपी ताब्यात ठेवायचं. दिसत असलं तरी तपासायला यायचं. "गेलंय ते परत येईलच असं मी सांगत नाही. उरलंय ते सांभाळू. आणि तूर्त गाडी चालवायची नाही." मी मान हलवत होतो. हे दुसऱ्या कोणाचं तरी चाललंय आणि मी सोबतीला आलोय, असं वाटत होतं. बाहेर आल्यावर खिशातली चावी काढून तुझ्या सुनेच्या हातात दिली. तिने ती पदराच्या गाठीत बांधली.

तिथे बाकावर बसल्यापासून तुझं ते पोलादपूरचं डोळ्यांचं शिबिर डोक्यात आहे. भातात खडे निघायला लागले म्हणून मीच तुला जीपमधून खाली आणलं होतं. बाया रांगेत होत्या, टेबलाशी एकेक जण तक्ता वाचत होती. तू तिसरी शिकलेली, त्याचा तुला कोण अभिमान. रांगेत तू तोंडातल्या तोंडात काही पुटपुटत होतीस. पुढची बाई म्हणाली, "म्हातारी जप करतेय." तुझा नंबर आला, तू पदर सारखा केलास आणि न अडखळता ओळ म्हटलीस. त्यांनी चष्म्याचीसुद्धा गरज नाही म्हणून सोडलं. तू हसत आलीस, "पास झाले रे," आणि स्टँडवर मला भजी खाऊ घातलीस. घरी सगळ्यांना सांगितलंस. नंतर गुरं तू घंटेवरून ओळखायचीस, पाण्याची वाट पायाने ओळखायचीस, आणि आम्हाला वाटायचं म्हातारीची नजर अजून शाबूत आहे.

पुढच्या वर्षी एका सकाळी तू म्हणालीस, "आढ्याला जलमट लोंबतंय, काढ." मी शिडी लावून झाडलं. "अजून हाय." पुन्हा झाडलं. तिसऱ्यांदा मी शिडीवरूनच खेकसलो, "आये, आढ्याला काय नाय, तुज्या डोस्क्यात हाय." तू हाताने तोंडापुढची हवा बाजूला सारत राहिलीस. ते जळमट डोळ्यात उतरलेलं रक्त होतं, हे मुंबईच्या डॉक्टरने सांगितलं. वर्षभर आधी आणायला हवं होतं, असंही सांगितलं. त्यानंतर चार वर्षं तू भिंतीला हात लावून चाललीस. सारवलेल्या भिंतीवर तुझ्या हाताचा गुळगुळीत पट्टा पडला होता. आता तिथे ऑइलपेंट आहे.

हे पान फाडून कुठे पाठवणार? नातीला संध्याकाळी वही परत हवी आहे. पण एक सांगतो. आज सकाळी पाठ केलेली ओळ मी जिना उतरेपर्यंत विसरलो. तुझी मला अजून येते. ग, न, ट, प, र. मी तुझ्या मागेच उभा होतो, आये. जप नव्हता तो, मला तेव्हाच कळलं होतं. टेबलाशी जाऊन सांगणार होतो, पण दीडची फेरी होती आणि माणसं गाडीत येऊन बसली होती. तू पास झाले म्हणत आलीस, तेव्हा मी तुला शाब्बास म्हटलं.