एरंडेलाचा डबा

पुणे, ता. ४ नोव्हेंबर १९६३

तीर्थस्वरूप अक्कास,
मगनचा साष्टांग नमस्कार वि. वि.

आधी काम सांगतो. बन्सीलाल तेल्याच्या घाण्यावरचं पाच शेर एरंडेल पाठव. हसू नकोस, माझं पोट ठणठणीत आहे. एरंडेल मोटारीला हवं आहे. गॅरेजात वर्षभर खपून आम्ही शर्यतीची गाडी तयार केली आहे. तिच्यात एकच माणूस बसतो, तोही पाय लांब करून, आरामखुर्चीत बसल्यासारखा. एकवीस वर्षांच्या आतल्या मुलांसाठी ज्युनियर अजिंक्यपद आहे. लढाईच्या वेळची एक जुनी धावपट्टी आहे, तिच्यावर तीन शर्यती होतील. अशा तापलेल्या इंजिनाला एरंडेलच मानवतं, असं मालक म्हणतात, आणि परदेशी डबे हल्ली मिळत नाहीत.

दाजींना नमस्कार सांग. ते नको म्हणणार नाहीत, तूच म्हणशील हे मला ठाऊक आहे. रागावलीस तरी माया कमी करू नकोस.

तुझा मगन

•

कोरीट, ता. १९ नोव्हेंबर १९६३

चि. मगन यास,
अक्काचे अनेक आशीर्वाद वि. वि.

डबा काल नंदुरबार स्टेशनवरून पार्सलने पाठवला. तुझे दाजी तुझं पत्र गावभर वाचून दाखवत आहेत. कोरीटचा पोरगा मोटार पळवणार म्हणून चावडीवर चहा झाला. मला मात्र घास उतरत नाही. आई गेली तेव्हा तू पाच वर्षांचा होतास आणि मी पंधराची. तिने तुझा हात माझ्या हातात दिला होता. दोन माणसं बसतात अशी मोटार असती तर निदान कुणी शेजारी बसून हळू चालव म्हणालं असतं. एकट्याच्या गाडीत तुला कोण सांगणार?

मला भीती वाटते, मगन. त्यापेक्षा घरी ये. विहिरीवरचं इंजिन तुझ्याशिवाय कुणाचं ऐकत नाही. अंगाला तेल लावून अंघोळ कर आणि अक्काची आठवण ठेव.

तुझी
अक्का

•

पुणे, ता. ३ डिसेंबर १९६३

ती. अक्कास,
मगनचा सा. न. वि. वि.

डबा पोचला. पहिली शर्यत २४ तारखेला झाली. तेव्हा दुसऱ्याकडून उसनं तेल घेतलं होतं. मी दुसरा आलो, नाशिकचा गुलाबसिंग पहिला. पोरगा मोठा दिलदार आहे, माझ्याच ताटात जेवतो.

एक वाईट झालं तेही लिहितो, नाहीतर कुणीतरी वाढवून सांगेल. मुंबईच्या एका मुलाचं इंजिन भर वेगात आवळलं, म्हणजे आतल्या आत घट्ट अडकून बसलं. तेल चांगलं नव्हतं. इंजिन आवळलं की मागची चाकं जागच्या जागी अडकतात. गाडी तीन कोलांट्या खाऊन गवतात गेली. मुलगा वाचला, पण कंबर मोडली. असं होऊ नये म्हणून तर तुझ्याकडून तेल मागवलं. येत्या रविवारी, ८ तारखेला, दुसरी शर्यत आहे. तुझंच तेल घालणार, अर्धं गुलाबसिंगलाही देणार. तेव्हा काळजी सोड आणि आम्हा दोघांना आशीर्वाद दे.

तुझा मगन

•

नंदुरबार, ता. ७ डिसेंबर १९६३

चि. मगन,

आशीर्वाद कोणत्या तोंडाने लिहू? हे पत्र तार ऑफिसच्या ओट्यावर बसून लिहिते आहे. तुझं पत्र आज सकाळी आलं. यांनी लगेच बैलगाडी जुंपली. तार केली आहे. मास्तरांनी ती इंग्रजीत लिहिली, बरोबर लिहिली की नाही ते मला कळत नाही. म्हणून इथे मराठीत लिहिते, ते तेल घालू नकोस. गुलाबसिंगलाही घालू देऊ नकोस. त्या एरंडेलात मी दीड शेर सरकीचं तेल मिसळलं आहे.

गेल्या उन्हाळ्यात यांनी विहिरीवरच्या इंजिनात चुकून सरकीचं तेल ओतलं होतं, आठवतं? ते खोकलं, धूर टाकला आणि गप्प झालं. दोन दिवस खरवडून काढलं, पुन्हा चालू लागलं. कुणाला काही इजा झाली नाही. मला वाटलं, तुझी मोटारही तशीच धावपट्टीवर गप्प बसेल, लोक हसतील, आणि तू रुसून घरी येशील. विहिरीवरचं इंजिन सिमेंटात पुरलेलं असतं, हे माझ्या डोक्यात आलं नाही. यांना वाटेत सांगितलं, तर हाई काय करी बसनी तू, एवढंच म्हणाले आणि नंदुरबारपर्यंत बैल पळवत आणले.

हे पत्र पोचेल तेव्हा रविवार होऊन गेलेला असेल. तू आहेस, एवढं एका ओळीने कळव.

जसोदा

•

पुणे, ता. १० डिसेंबर १९६३

अक्का,

मी आहे. गुलाबसिंगही आहे.

तार रविवारी सकाळी गॅरेजवर आली. मालक ती घेऊन फटफटीवरून धावपट्टीवर आले. तार म्हटल्यावर मला वाटलं, तू गेलीस किंवा दाजी गेले. उघडायला हात होईना, मालकांनीच वाचली. तेल घालून मी सरावाच्या दोन फेऱ्या मारून आलो होतो. गुलाबसिंग रांगेत उभा होता, झेंडा पडायचा बाकी होता. मी धावत जाऊन त्याच्या गाडीपुढे आडवा उभा राहिलो. आम्हा दोघांनाही शर्यत सोडावी लागली. तेल माझ्या घरचं आहे, चूक माझी आहे, एवढंच मी त्याला सांगितलं. तुझं नाव घेतलं नाही. तुझं पत्र आज आलं.

सोमवारी इंजिन उघडलं. आत चिकट राळ धरली होती आणि पिस्टनवर ओरखडे पडले होते. मालक म्हणाले, आणखी दोन फेऱ्या, की आवळलंच असतं.

मला राग आला, अक्का. तुझ्या हातचं म्हणून मी ते तेल गाळूनही पाहिलं नाही. रात्री दचकून जागा होतो आणि तुझाच चेहरा दिसतो. असं कधी होईल असं मला वाटलं नव्हतं.

शेवटची शर्यत ५ जानेवारीला आहे. फेब्रुवारीत मला एकवीस पुरी होतील, म्हणजे मला पुढची नाही. तेल आता इथेही मिळेल. तरी मी तुझ्याकडेच मागतो. डबा आला तर तू जा म्हणालीस असं समजेन. नाही आला तर गाडीत बसणार नाही, आणि त्यावरून तुला कधी बोलणारही नाही.

मगन

•

कोरीट, ता. २३ डिसेंबर १९६३

चि. मगन यास,
अक्काचे जितके आहेत तितके सगळे आशीर्वाद.

तुझं पत्र आठ दिवस उशाखाली ठेवलं. डबा न पाठवणं किती सोपं होतं ते तुला ठाऊक होतं आणि मलाही. यांना विचारलं, तर म्हणाले, भाऊ तुझा, तूच ठरव. मग शनिवारी उठले आणि बन्सीलालच्या घाण्यावर गेले. आधी घाणा धुऊन घेतला, पहिलं तेल फेकायला लावलं, आणि शेवटचा थेंब पडेपर्यंत तिथून हलले नाहीत. यांच्या नव्या धोतराचा पदर फाडून तीनदा गाळलं. बन्सीलाल म्हणाला, एवढं तर देवाच्या समईलाही कुणी करत नाही. झाकण मी स्वतः लाखेने बंद केलं आहे. लाख फुटलेली दिसली तर तेल फेकून दे.

माझी भीती गेलेली नाही. ५ तारखेला मी दिवसभर देवापाशी बसेन आणि माझ्या हातून काही काम होणार नाही. पण तू जा. जिंकलास किंवा हरलास तरी तार करू नकोस, तार बघून मी मरेन. साधं कार्ड टाक. यायला चार दिवस लागतील, ते मी सोसेन. गुलाबसिंगला खरं काय ते सांग आणि इकडे जेवायला घेऊन ये, मी त्याच्या पाया पडेन.

तुझ्यावर जीव टाकणारी,
अक्का

ता. क. डबा दोन चमचे कमी भरेल. लाख लावण्याआधी ते मी प्याले, यांच्यासमोर. दोन दिवस माझे फार हाल झाले. तेल चोख आहे.