चार ते पाच बॅगपाइप

३ जून
हिला जाऊन चार महिने झाले. मी ठीक आहे. मुलगा रोज फोनवर तेच विचारतो, मी रोज तेच सांगतो, त्याला पटत नाही. म्हणतो, बाबा, घर बंद करा आणि आमच्याकडे या. मी म्हटलं, वेळ नाही, छंद सुरू करतोय. कुठला, असं त्याने लगेच विचारलं. टीव्हीवर घागरे घातलेले पुरुष बॅगपाइप वाजवत होते. तेच सांगून टाकलं.

६ जून
जुना बॅगपाइप मिळाला, हवेची पिशवी आणि तिला नळ्या. निवड योग्यच आहे. व्हायोलिनला कान लागतो, पियानोला बोटं. इथे नुसतं फुंकायचं. मुलगा जुलैअखेर येतोय. त्याला एक अख्खी धून ऐकवली की घर बंद करण्याचा विषय संपला.

९ जून
बँडमधून निवृत्त झालेले एक गुरुजी मिळाले. म्हणाले, साहेब, वर्षभर नुसती शिकाऊ नळी, पिशवीला हात लावायचा नाही. मी म्हटलं, महिन्यात करतो. ते हसले नाहीत. चहा पिऊन गेले.

११ जून, सकाळ
पिशवी काखेत घेतली. फुंकलं की कोपर सुटतं, कोपर दाबलं की फुंकर सुटते. डोळ्यांपुढे काजवे. तरी एक आवाज निघाला. मोठा होता.

संध्याकाळ
खालच्या नर्सबाई आल्या. रात्रपाळी असल्यामुळे दिवसा झोपतात. विचारलं, काका, वर काही जनावर अडकलंय का? मी शांतपणे वाद्य दाखवलं. म्हणाल्या, म्हणजे तेच ना.

१९ जून
संकल्प: रोज दोन तास. आज वीस मिनिटं, कारण पिशवी गळते. गुरुजींना हे मान्य नाही. म्हणाले, पिशवी ठणठणीत आहे साहेब, दम तुमचा गळतोय.

२ जुलै
सराव हिच्या कपाटासमोर करतो. दार उघडं ठेवलं की कपडे आवाज शोषून घेतात. दुसरं काही कारण नाही. नर्सबाई खालून छताला झाडूचा दांडा ठोकतात. त्यावर ताल धरतो.

१४ जुलै
नर्सबाईंशी तह. चार ते पाच वाजवायचं, तेव्हा त्या जाग्या असतात. जाताना म्हणाल्या, काकू असत्या तर हे खिडकीतून बाहेर गेलं असतं. खरं आहे. आधी मी, मागून बाजा.

२३ जुलै
धुनीची सुरुवात जवळपास जमते. पुढचं आपोआप येईल. आज पिशवी खरोखरच उसवली. गुरुजी शिवायला घेऊन गेले, मुलगा येईल त्या दिवशी आणून देतील. हरकत नाही, बोटांना विश्रांती.

२६ जुलै
चार वाजता हाताला काम नव्हतं. सवयीने कपाटासमोर बसलो. म्हटलं, हिचे कपडे तरी आवरू. आवरले नाहीत. पाच वाजता तोंड धुतलं.

२८ जुलै
मुलगा आला. पाठोपाठ बाजा घेऊन गुरुजी. दारातच नर्सबाई भेटल्या. मुलाला म्हणाल्या, अरे, सुरुवातीला नुसता छळ होता, पण काका शिकले हो. परवा तर असं वाजवलं की मी दांडा ठेवून ऐकत बसले, डोळ्यांत पाणी आलं माझ्या. गुरुजी म्हणाले, परवा? बाजा तर माझ्याकडे होता.
मी म्हटलं, बसा, वाजवतो. पिशवी अर्धी फुगली. मुलाने ती हळूच काखेतून काढून घेतली आणि विचारलं, बाबा, कुठली धून होती? मी आत जाऊन कपाटाचं दार लावलं.
संध्याकाळी त्याने माझी बॅग भरली. मी एकेक शर्ट हातात देत होतो.