पाच मोठे की सहा

राजिवडा, रत्नागिरी
१८ नोव्हेंबर १९८६

प्रिय गफूर,

दुवा. इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची रीत, म्हणून लिहिलं. खरं तर काही ठीक नाही. तुझं शेवटचं पत्र ऑगस्टात आलं. त्यानंतर आखातात तुझ्या जहाजासारख्याच एका तेलाच्या जहाजावर हल्ला झाल्याची बातमी रेडिओवर लागली, जहाजाचं नाव काही सांगितलं नाही. अब्बा तेव्हा मशिदीत होते, हे नशीब. तुला जहाजावर लावून देणाऱ्या मुंबईच्या एजंटाला मी तीन तारा केल्या. खबर आली की कळवू, एवढंच उत्तर. पोस्टमनची वाट पाहते, आणि तारवाल्याची सायकल गल्लीत वळली की दाराआड जाऊन उभी राहते. वर्गात पोरांना पाढे सांगताना मध्येच अडते. तू जिला घाबरायचास ती तुझी आपा आता सायकलीच्या घंटीला घाबरते.

अब्बांना यातलं काही कळू दिलं नाही. रेडिओतले सेल काढून ठेवले, संपले म्हणून सांगितलं. मोतीबिंदू वाढल्यापासून त्यांचं सगळं वाचन माझ्या तोंडून होतं. ती वही मात्र अजून उशाशी असते. गोदीत नोकरीला होते तेव्हापासूनची, देशातल्या फुटबॉल क्लबांची. कोणी कधी कोणता कप मारला, आणि त्यावरून पहिला नंबर कोणाचा. त्या पहिल्या नंबरावरून तुम्हा बापलेकांचं भांडण सगळ्या मोहल्ल्याला पाठ आहे. अब्बा म्हणणार, मोहमेडन स्पोर्टिंग. कलकत्त्याची लीग लागोपाठ पाच वर्षं, तीही गोऱ्यांच्या पलटणींशी खेळून. तू म्हणणार, ईस्ट बंगालने लागोपाठ सहा घेतल्या, आणि सहा पाचापेक्षा मोठे हे आपाच्या शाळेतली पोरंही सांगतील. सुट्टीवर आलास की भाकऱ्या गार होईपर्यंत हेच. मला दोन्ही क्लब सारखेच डोकेदुखीचे.

आता रागावू नकोस. सप्टेंबरपासून अब्बांना तुझी पत्रं मीच रचून ऐकवते. तुझं जुनं पत्र हातात धरायचं आणि मनचं वाचायचं: उकाडा फार आहे, मासळीला आपल्याकडची चव नाही, तब्येत बरी. दोन पत्रं खपली. तिसऱ्यात वाटलं, म्हाताऱ्याला जरा खूश करावं. वाचलं की, अब्बा, तुमचंच खरं, मोहमेडनच पहिला. मला वाटलं, हसतील. त्यांनी वही मिटली, चहा तसाच ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून पडले. मग मला आठवलं: गफूर मेला तरी हे कबूल करायचा नाही, असं मीच चारचौघांत म्हणायचे.

काल सकाळी त्यांनी मला जवळ बोलावलं. म्हणाले, "हमिदा, पुढल्या पत्रात त्याला भांडू दे. भांडल्याबिगर तो गफूर वाटत नाय." आणि माझा हात धरला. म्हणजे त्यांना कळलंय, गफूर, आणि तरी त्यांना पुढलं पत्र हवंय. ते मला लिहिता येत नाही. काल तीनदा बसले. त्यांच्याशी भांडावं तुझ्यासारखं, ते मला कुठून जमणार? म्हणून हे एजंटाच्या पत्त्यावर टाकते आहे. जिथे असशील तिथून दोन ओळी पाठव. खुशाली नाही लिहिलीस तरी चालेल. फक्त लिही, अब्बा, तुम्ही चुकलात, सहाच मोठे.

तुझीच,
हमिदा आपा