पेन ड्राइव्हवरची ‘दर्याची धाकटी’

४ जानेवारी, सकाळी ७.१०
आजपासून रोज लिहायचं.
निर्णय पक्का: पेन ड्राइव्हवर सिनेमे विकायचे. लोक ओटीटीला कंटाळलेत. आज दिसतो तो सिनेमा उद्या गायब. माणसाला हातात वस्तू लागते. कॅसेट, सीडी, डीव्हीडी, तिन्ही वेळा अख्ख्या कांजूरमार्गात पहिलं दुकान माझं होतं. तिन्ही वेळा बुडालो ते लोकांमुळे.
राधाला सांगितलं. बायकोने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, दुकान मला कधी देताय? तिला तिथे डबे करायचेत. घरचा ओटा पुरत नाही म्हणे. म्हटलं, व्हिजन नावाची गोष्ट असते. तर म्हणाली, "वर्षभरात दुकानात माशी तरी इली काय?"
मालवणी माणसाला व्हिजन नसतं. मी अपवाद.

९ जानेवारी
नव्या सिनेमांचे हक्क कोणी देत नाही. पायरसी करणार नाही, तत्त्व आहे. शिवाय मागे एकदा पोलीस येऊन गेलेत. म्हणून जुने, विसरलेले सिनेमे.
वर्सोव्याला चंदरकाकांकडे जाऊन आलो. पंचाहत्तरीचे कोळी गृहस्थ. तीस वर्षांपूर्वी होडी विकून एक सिनेमा काढला, ‘दर्याची धाकटी’. आठवडाभर चालला. आता एकच व्हीएचएस उरलीय. इंटरवलनंतर त्यांच्या बायकोचं, सोनूबाईंचं गाणं आहे, पडद्यावर तीच आणि आवाजही तिचाच. सोनूबाई चार वर्षांपूर्वी गेल्या. फोटो भरपूर आहेत, पण आवाज तेवढाच. घरात व्हीसीआर नाही, त्यामुळे काकांनी कित्येक वर्षांत तो ऐकलेला नाही.
कागदावर लगेच सही दिली. एकच मागितलं: पहिला शो कोळीवाड्यात व्हायला हवा.
काकांचा मुलगा कृणाल कॅसेट देताना दोनदा म्हणाला, "एकच आहे हां." म्हटलं, बाबा रे, तू शाळेत होतास तेव्हापासून मी या लाइनमध्ये आहे.

१२ जानेवारी
शंभर पेन ड्राइव्ह आले. चौसष्ट जीबी, बाजाराच्या निम्म्याहून कमी भावात. निधीने विचारलं, बाबा, इतके स्वस्त कसे? पोरगी पवईत कॉम्प्युटरवर काम करते, पण घासाघीस कशाशी खातात ते तिला माहीत नाही.
चहा दिवसाला दोनच कप करायचा. (आज पाच. माल आला म्हणून.)

१८ जानेवारी
घाटकोपरला सर्वेशकडे. लग्नाचे व्हिडिओ काढतो. कॅसेटला बुरशी लागली होती, त्याने दोन दिवस खपून साफ केली आणि सिनेमा उतरवून दिला. मास्टर कॉपी आपल्याच पेन ड्राइव्हवर घेतली. म्हणाला, दत्ताकाका, हार्ड डिस्कवरपण ठेवा एक, माझ्याकडची मी महिन्याने उडवतो. म्हटलं, पेन ड्राइव्हवालाच हार्ड डिस्क वापरायला लागला तर गिऱ्हाईक काय म्हणेल?
त्याने मान हलवून बिल लिहायला घेतलं. मुद्दा पटला असावा.

२ फेब्रुवारी, दुपारी
शंभर कॉप्या तयार. होडीच्या आकाराचे खोके केलेत. झकास.
एक धोका वेळीच ओळखला. मूळ कॅसेट बाहेर राहिली तर उद्या कोणीही कॉपी काढेल. फीत कात्रीने कापली, सुका कचरा म्हणून वेगळी बांधली आणि पालिकेच्या गाडीत स्वतःच्या हाताने टाकली. एवढा काटेकोर धंदा आज कोण करतं?
काकांना सांगायचं राहिलं. सांगू.

१४ फेब्रुवारी
राधाने पुन्हा दुकानाचा विषय काढला. म्हटलं, शो होऊ दे, मग तुला डब्यांसाठी मोठा गाळा घेऊन देतो. ती कांदा चिरत होती. हसली की रडली ते कळलं नाही.

२२ फेब्रुवारी, रात्री ९
शो झाला. म्हणजे सुरू झाला.
कोळीवाड्याच्या हॉलमध्ये बसायला जागा नव्हती. बायका दागिने घालून आलेल्या. काका नवा शर्ट घालून पहिल्या रांगेत. मी दाराबाहेर विक्रीचं टेबल लावून बसलो.
इंटरवलनंतर पडदा काळा झाला. लोकांना वाटलं लाइट गेली. कृणालने दुसरा ड्राइव्ह लावला. तिसरा. सोळा लावले. सगळे तिथेच थांबले. गाण्याच्या जरा अलीकडे, असं कृणाल म्हणाला.
काका म्हणाले, "होईल, होईल, थांबा जरा." लोक अर्धा तास थांबले. मग एकेक उठून गेले. काका बसून होते.
कृणालने विचारलं, कॅसेट कुठाय? म्हटलं, सुरक्षित आहे.
एक तांत्रिक अडचण, बाकी प्रतिसाद उत्तम.

२३ फेब्रुवारी
सर्वेश म्हणाला, वर चौसष्ट छापलंय, आत चारच जीबी आहेत. त्यापुढचं सगळं हवेत लिहिलं गेलं. मास्टरपण तसाच. त्याच्याकडची कॉपी? पाच दिवसांपूर्वी उडवली. महिना झाला होता.
चूक सर्वेशची. उडवण्याआधी एक फोन करायला काय झालं होतं?

२६ फेब्रुवारी
निधी रजा टाकून माझ्याबरोबर डम्पिंग ग्राउंडच्या गेटवर आली. खंडू नावाचा वॉचमन. कुठल्या तारखेचा कचरा, विचारलं त्याने. दोन तारीख म्हटल्यावर हसलापण नाही. म्हणाला, साहेब, त्याच्यावर आता डोंगर आहे.
परतताना निधी म्हणाली, "बाबा, आधी काकांना खरं सांगा." म्हटलं, योग्य वेळी.

१ मार्च
दुकानाची किल्ली राधाला दिली. तात्पुरती. तिने घेतली, दुपारपर्यंत शेगड्या लागल्या. माझ्या खोक्यांचं काय केलं, विचारलं नाही.
उद्या वर्सोव्याला जायचं.

२ मार्च
डोकं दुखत होतं.

३ मार्च
ऊन फार. उद्या नक्की.

५ मार्च
गेलो.
मुद्दे काढून नेले होते. होलसेलवाल्याची फसवणूक, सर्वेशची घाई, पायरसीचा धोका. काका अंगणात वाळत घातलेल्या बोंबलांजवळ बसले होते. मुद्दे राहिले बाजूला. म्हटलं, काका, कॅसेट मी फेकली. आता कुठेच काही नाही.
कृणाल अंगावर धावून आला. काकांनी त्याला हाताने थांबवलं आणि आत जायला सांगितलं. एकेक बोंबील उलटत बसले. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.
मग म्हणाले, "गाणं संपल्यावर ती वळून हसते ना रे? का मलाच तसं वाटतं? आता नीट आठवत नाही."
म्हटलं, हो, हसतात.
काकांचा चेहरा उजळला. बाकडं ओढून माझ्याजवळ सरकले. "तू ताजा बघितलायस. सांग. गाणं सुरू होतं तिथून सांग. साडी कुठली होती तिची?"
मी तो सिनेमा एकदाही पाहिलेला नाही.